ठसा मारलेल्या एकशे चाळीस क्लिपा

१ जानेवारी १९५५, शनिवार. पहाटे ५ (म्हणजे साडेसात).

नवीन वर्ष, नवीन वही. संकल्प खालीलप्रमाणे. पहाटे पाचला उठणे. रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करणे. कमळावर न रागावणे. हाताखालच्या माणसांवर मात्र वचक ठेवणे. आलापल्लीच्या सागवान डेपोचा स्टोअरकीपर ढिला पडला की सगळं जंगल ढिलं पडतं, असं माझं मत आहे. रेंजर साहेबांचंही असणार. त्यांना अजून विचारलं नाही.

वहीच्या पुठ्ठ्यावर डेपोचा हातोडा मारला. ओंडक्यांवर मारतात तोच, तोंडावर खात्याचं चिन्ह कोरलेला. तो माझ्या ताब्यात असतो. ठसा आठव्या पानापर्यंत उमटला. तिसऱ्या पानाला भोक पडलं, ते सोडून लिहीन.

कमळा म्हणाली, वहीले काऊन मारून राह्यले, ते का पळून जाऊन राह्यली? रागावलो नाही. थोडासाच.

३ जानेवारी, सोमवार.

वर्षाची स्टॉक मोजणी सुरू. सात वर्षांत कोणी उघडली नाही अशी एक पेटी कोपऱ्यात निघाली. लढाईतला उरलेला माल नागपूरला विकला गेला तेव्हा आपल्या खात्यानं ट्रकच्या सामानाबरोबर उचललेली. वर इंग्रजीत लिहिलं आहे. डिक्शनरी घेऊन बसलो, तासाभरात लागलं. विमानाच्या होज पायपांच्या क्लिपा. नग एकशे चव्वेचाळीस.

चीज छोटी, पण काय अक्कल लढवली आहे. बोटभर रुंदीची पोलादी पट्टी, गोल वळवलेली, तिच्यावर बारीक खाचा, टोकाला एक स्क्रू. रबरी पाइप नळीवर चढवायचा, वरून ही घालायची, स्क्रू फिरवायचा. पट्टी चहूकडून सारखी आवळत जाते. मग आत तेल असो की पाणी, थेंब बाहेर येत नाही. अख्खं विमान आकाशात जातं ते या पट्टीच्या भरवशावर. आणि ही पट्टी कोणाच्या ताब्यात? माझ्या.

सखोल अभ्यास करायचं ठरवलं. चार क्लिपा कोटाच्या आतल्या खिशात घालून घरी आणल्या.

४ जानेवारी, मंगळवार.

सखोल अभ्यासाला बसलो होतो, डोळा लागला. कालच्या बैठ्या कामाचा शीण.

संध्याकाळी इंग्रजी शब्द पाठ करत असताना कमळानं अंगणातून दोनदा काहीतरी विचारलं. कोट धुवायला काढला होता म्हणे, खिशातलं हे लोखंड कुठी ठेवू? सातव्या शब्दावर होतो. म्हटलं, ठेव तिकडंच, तुला काय करायचं ते कर, माझं डोकं खाऊ नको. बायकांना वेळकाळ समजत नाही. सातवा शब्द विसरलो.

५ जानेवारी, बुधवार. दुपारी ३.

भयंकर प्रकार. क्लिपा पुन्हा मोजल्या. एकशे चाळीस. चार गायब.

स्टोअरची किल्ली दोघांकडंच असते. एक माझ्याकडं, दुसरी चौकीदार लटारूकडं. मी नाही, म्हणून लटारू. हे गणित चौथीचं पोरगंही करील. लटारू बावीस वर्षं डेपोत आहे, आजवर त्याच्यावर बोट ठेवायला कोणाला जागा मिळाली नाही. हाच माझा मुद्दा आहे. इतकी वर्षं न सापडणारा माणूस किती पोचलेला असेल?

त्याला समोर उभं केलं. तो म्हणाला, बाबूजी, मी त त्या पेटीले हातबी नाई लावला, माह्या झोपडीत काय विमान हाये का? हा उद्धटपणा कलम म्हणून रिपोर्टात घातला. रिपोर्ट रेंजर साहेबांकडं पाठवला. लटारूची नोकरी जाईल याचं वाईट वाटतं. पण कायदा म्हणजे कायदा.

६ जानेवारी, गुरुवार.

रात्रभर विचार केला (आठ वाजेपर्यंत). चोरी का होते? कारण क्लिपेवर खूण नाही. सागाचा ओंडका कोणी चोरत नाही (चोरतात, पण पकडले जातात), कारण त्यावर हातोडा असतो. मग क्लिपेनं काय घोडं मारलं?

डेपोच्या फळ्यावर माझ्या सहीची नोटीस लावली. यापुढे ज्या मालावर हातोड्याचा ठसा आहे तोच माल डेपोचा. ज्यावर ठसा नाही तो माल डेपोचा समजला जाणार नाही. अक्षर सुंदर आलं. रेंजर साहेब नोटीस वाचून बराच वेळ उभे होते. प्रभावित झाले असावेत.

७ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६.

एकशे चाळीस क्लिपांवर स्वतःच्या हातानं हातोडा मारला. खाली सागाचा ठोकळा, वर क्लिप, वर मी. खांदा निखळायची वेळ आली, पण एकही सोडली नाही. ठसा असा बसला आहे की आंधळ्यानं बोट फिरवून सांगावं, माल सरकारी आहे. काही पट्ट्या ठशाखाली जरा बसक्या झाल्या. ओळखायला सोपं.

लटारू दारात उभा राहून पाहत होता. म्हणाला, बाबूजी, पट्टी चपटी होऊन राह्यली, गोल नाई राह्यली. त्याला सांगितलं, तू संशयित आहेस, संशयितानं मत देऊ नये.

आज इंग्रजी शब्द शून्य. हात दुखतो.

८ जानेवारी, शनिवार.

कमळाची फुंकणी बांबूची, गेल्या महिन्यात उभी चिरली होती. आज पाहतो तर तिला मधोमध चकचकीत पट्टी आवळलेली, आणि चूल एका फुंकीत पेटली. मुसळालाही तशीच. अंगणातल्या खराट्यालाही. भाजी चिरायच्या पावशीच्या मुठीलाही. आमच्या क्लिपेसारखंच काहीतरी दिसतं. बाजारात हल्ली सगळ्या गोष्टींची नक्कल मिळते. म्हटलं, शोभेचा सोस पुरे कर. कमळा म्हणाली, सोस कायचा, उलथन्याच्या टोकानं पेच फिरवला का आवयते, तुमीच त म्हणाले तुले काय करायचं ते कर. मी असं कशाला म्हणीन? संकल्प आठवला, वाद घातला नाही.

९ जानेवारी, रविवार. दुपारी १.

विमान उतरलं.

जंगलाचे वरून फोटो काढणारं सर्वेचं विमान येणार हे महिनाभर चाललं होतं, नाक्यामागचा माळ साफ करून ठेवला होता. दोन माणसांचंच आहे, एकामागं एक बसायचं. सगळं आलापल्ली माळावर लोटलं. पायलट कॅप्टन सान्याल बंगाली आहेत, हिंदी बोलतात. विमानाचं नाक मात्र तेलानं काळं. टाकीतून इंजिनाकडं तेल नेणाऱ्या होजची क्लिप तुटली. तारेनं बांधून पाहिलं, पण तार रबराला कापते. नागपूरहून क्लिप यायला आठ दिवस. कॅप्टन साहेब डोक्याला हात लावून चाकाजवळ बसले.

गर्दीतून मी पुढं झालो. म्हटलं, साहब, विमान की क्लिप? कितनी चाहिए? एकसौ चालीस है.

माणसाला एवढा आनंद झालेला मी पाहिला नव्हता. उठून माझे दोन्ही हात धरले. सगळ्यांसमोर म्हणाले, क्लिप बसवल्यावर टेस्टला उडावं लागेल, मागच्या सीटवर वजन लागतं, जिसका क्लिप लगेगा वही साथ बैठेगा. रेंजर साहेबांनी ऐकलं. लटारूनं ऐकलं. आलापल्लीनं ऐकलं.

मी उडणार.

१० जानेवारी, सोमवार. सकाळी १०.

मूल गावी सासरेबुवांना, म्हणजे बापूजींना, पत्र लिहिलं. ट्रकवाल्याबरोबर पाठवलं, दुपारी पोचेल.

हे का, ते इथं लिहून ठेवतो, वाचणारं कोणी नाही. बापूजी मूलच्या राइस मिलवर मुकादम. आमच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत कोणीतरी विचारलं, जावई काय करते? बापूजी म्हणाले, जंगलात लाकडं मोजते. पंगत हसली. सहा वर्षं झाली, माझ्या कानातून ते हसू गेलेलं नाही. दर दिवाळीला मूलला गेलो की मिलवरची माणसं विचारतात, काय जावईबापू, किती लाकडं झाली?

म्हणून पत्रात साफ लिहिलं. शुक्रवारी संक्रांतीला सकाळी दहाच्या सुमारास मिलच्या छपरावर चढून बसावं. आलापल्लीहून विमान येईल. विमानातून पांढरं उपरणं हलेल. उपरणं हलवणारा माणूस ओळखीचा असेल. खाली सही, गुणवंतराव, एअर स्टोअर्स. ही पोस्ट अजून मंजूर नाही, पण होईलच.

११ जानेवारी, मंगळवार.

क्लिपा घेऊन माळावर गेलो. वाटेत नाकेदारानं अडवलं, डेपोचा माल पासाशिवाय बाहेर जात नाही. बरोबर आहे, नियम माझाच. परत येऊन स्वतःला पास फाडून दिला.

पहिली क्लिप कॅप्टन साहेबांनी बसवली, इंजिन सुरू केलं, तेल गळलं. दुसरी, गळलं. सतरा क्लिपा झाल्या. एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली, ती नोंदवून ठेवतो. दर वेळी तेल नेमकं ठशाजवळूनच झिरपतं. खात्याच्या चिन्हात तेल ओढून घेण्याचा काही गुण असावा. संशोधन करणे.

कॅप्टन साहेबांनी क्लिप उन्हात धरून ठशावर बोट फिरवलं आणि बंगालीत काहीतरी म्हणाले. प्रशंसा असावी. मग हिंदीत विचारलं, बिना ठप्पेवाला एक भी नहीं? अभिमानानं सांगितलं, एक भी नहीं साहब, सब पे मैंने खुद मारा है. ते पुन्हा चाकाजवळ बसले. ऊन फार आहे, बंगाली माणसाला सोसत नाही.

१२ जानेवारी, बुधवार.

उंचीचा सराव. शिकारी साहेबांसाठी बांधलेलं एक जुनं मचाण डेपोच्या मागं आहे. विमानात बसण्याआधी शरीराला सवय हवी म्हणून सकाळी चढलो. तिसऱ्या पायरीपर्यंत उत्तम वाटलं. वर गेल्यावर दोन्ही हातांनी खांब धरला. कमळाच्या कालच्या वांग्याच्या भाजीमुळं. डोळे मिटून बसून राहिलो. लटारूला शिडी धरायला बोलवावं लागलं. खाली उतरताना तो म्हणाला, बाबूजी, इमान याच्याहून उच्चा जाते म्हणते. मी म्हटलं, रिपोर्ट अजून साहेबांच्या टेबलावर आहे, विसरू नको. शिडी मात्र सोडली नाही त्यानं.

दुपारी आणखी एकतीस क्लिपा. इंजिनाजवळ उभं राहून मार्गदर्शन करत होतो. एकदम फवारा आला. धोतर, सदरा, चष्मा. कमळा म्हणाली, हे आता रिठ्यानंबी निंगत नाई.

कॅप्टन साहेबांनी ठसा हातोडीनं ठोकून सपाट करून पाहिला. खाचा मोडल्या, स्क्रू घसरला. सरकारी ठसा पुसायचा प्रयत्न हा गुन्हा आहे, हे मी त्यांना सौम्य शब्दांत सांगितलं. बंगालीत उत्तर मिळालं.

१३ जानेवारी, गुरुवार. सकाळी ११.

मूलहून बापूजींचा निरोप ट्रकवाल्यानं आणला. सगळं गाव मिलच्या छपरावर चढणार आहे. मिल उद्या दहा ते बारा बंद. मिलच्या मालकांनी स्वतः दुर्बीण काढली.

जेवण गेलं नाही.

कॅप्टन साहेबांनी नागपूरला तार केली. म्हणजे आठ दिवस. उद्याचं काय? मीच धीर द्यायला हवा म्हणून त्यांना घरी चहाला बोलावलं. माणूस चहा प्यायला की मन वळतं. उरलेल्या ब्याण्णव क्लिपा संध्याकाळपर्यंत लावून पाहू, असं सांगणार आहे.

संध्याकाळी ५.

लिहिवत नाही. लिहितो.

कॅप्टन साहेब आले. ओसरीवर बसले. आत कमळा चुलीशी. विस्तव विझत आला होता, तिनं फुंकणी तोंडाला लावली आणि फुंकलं. कॅप्टन साहेबांचं बोलणं अर्ध्यात थांबलं. सरळ उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. मी म्हटलं, साहब, रसोई है. ते खाली बसले, फुंकणी हातात घेतली, चिरलेल्या बांबूवरच्या पट्टीवर बोट फिरवलं, मग स्वतः फुंकून पाहिली, चिरेवर हात धरून. हवा कुठंच सुटत नव्हती. म्हणाले, बिना ठप्पेवाला.

कमळा म्हणाली, अजून तीन हायेत. मुसळ, पावशी, खराटा.

कॅप्टन साहेब हसायला लागले. चहा चुलीवर उतू गेला.

मला वाटलं, झालं काम. ती बाजारातली नक्कल आहे असं मी त्यांना समजावून सांगत होतो, तेवढ्यात कमळा म्हणाली, नक्कल कायची, ह्या त तुमच्या कोटाच्या खिशातल्या.

१४ जानेवारी, शुक्रवार, संक्रांत. सकाळी १०.

कॅप्टन साहेबांनी फुंकणीची क्लिप होजवर बसवली. बाकीच्या तीन स्पेअर म्हणून ठेवल्या. इंजिन अर्धा तास चालवलं. रेंजर साहेबांनी खाली वाकून पाहिलं, मी पाहिलं. थेंब नाही.

उपरणं खांद्यावर टाकून मी पुढं झालो. रेंजर साहेब म्हणाले, थांबा गुणवंतराव. क्लिप कोणाची?

म्हटलं, साहेब, डेपोची. म्हणजे माझ्या ताब्यातली. म्हणजे माझीच.

ते म्हणाले, डेपोची असेल तर ती तुमच्या घरी कशी? लटारूवर तुमचा रिपोर्ट माझ्या टेबलावर आहे, चार क्लिपा चोरल्याचा.

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. लटारूही. तो टोपी हातात घेऊन उभा होता. मला रोजनिशी आठवली. तीन तारीख. चार क्लिपा कोटाच्या आतल्या खिशात. माझंच अक्षर.

मले लाज वाटली. लिहून ठेवतो. बावीस वर्षांच्या माणसावर मी काय लिहून दिलं होतं, आणि परवा त्याच माणसानं माझी शिडी धरली होती.

मग मी मार्ग काढला. मार्ग काढणं हा माझा गुण आहे. म्हटलं, साहेब, माझी नोटीस वाचा. ज्यावर ठसा नाही तो माल डेपोचा नाही. म्हणजे या चार क्लिपा डेपोच्या कधी नव्हत्याच, म्हणजे चोरी झालीच नाही, म्हणजे लटारू सुटला, मीही सुटलो. रेंजर साहेब म्हणाले, फार छान, हे लिहून द्या. मी जागेवरच लिहून दिलं. मग त्यांनी विचारलं, डेपोची नाही, तर कोणाची? कोणाच्या फुंकणीवर होती?

ते वाक्यही त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं. सदर क्लिप ही सौ. कमळाबाई यांच्या मालकीची घरगुती वस्तू आहे. खाली माझी सही. कॅप्टन साहेबांनी कागद वाचवून घेतला, विमानाच्या मागच्या सीटचं दार उघडलं आणि म्हणाले, आइए भाभीजी.

मी म्हटलं, ती घाबरेल. तिला चक्कर येते. तिला सवय नाही. कमळा म्हणाली, मले बसाचं हाये. पदर खोचला आणि चढली. तिसऱ्या पायरीवर थांबलीसुद्धा नाही. वरून वाकून म्हणाली, ते उपरणं द्या इकडं, गावाले कबूल केलं नं तुमी.

दिलं.

दुपारी १२.

पावणेदोन तासांनी परत आले. कुठं जायचं असं कॅप्टन साहेबांनी विचारलं तेव्हा तिनं मूल सांगितलं होतं. वैनगंगा वरून लुगड्याच्या काठाएवढी दिसते म्हणे. मिलच्या छपरावर मुंगीलाही जागा नव्हती. तिनं उपरण्यात तिळगूळ बांधून खाली टाकला, तो मिलच्या अंगणात पडला.

उपरणं गेलं.

लटारूनं रिपोर्टाची नक्कल मागितली. दिली. त्यानं विडी पेटवायला वापरली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

१९ जानेवारी, बुधवार.

बापूजींचं पत्र. मन हलकं झालं. इथं उतरवून ठेवतो. जावईबापू, विमान डोक्यावरून दोनदा फिरलं, कमळाला सगळ्यांनी ओळखलं, मागं बसून उपरणं हलवत होती. पुढं चष्मा आणि कातड्याची टोपी घालून विमान चालवणारे तुम्हीच, हेही ओळखलं. मालकांच्या दुर्बिणीतून मी स्वतः पाहिलं. लग्नात मी लाकडांचं बोललो, ते मनावर घेऊ नका. माझी चूक झाली.

तीन वेळा वाचलं. सहा वर्षांनी पंगत हसायची थांबली.

उत्तराचा मजकूर तयार केला. वारा फार होता, म्हणून विमान थोडं डगमगलं, क्षमस्व. यात खोटं काही नाही, वारा होताच. पाकीट बंद करत होतो तर कमळा म्हणाली, तुमचं धाडू नका, मी मघाशीच ट्रकवाल्यापाशी देल्लं लिवून. काय लिहिलंस? तर म्हणे, चालवणारे सान्याल साहेब होते, आमचे हे खाली माळावर होते, वर पाहून राह्यले होते. मी म्हटलं, एवढं खरं लिहायची काय गरज होती? ती म्हणाली, खोटं काऊन लिवू, तुमी का वाईट दिसून राह्यले होते?

याचा अर्थ काय, ते समजलं नाही.

२३ जानेवारी, रविवार. सकाळी ९.

कमळा परवाच मूलला गेली. मिलच्या मालकिणीनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावलं आहे. तिला खुर्चीवर बसवणार आणि वरून काय दिसतं ते सगळ्या बाया ऐकणार. ट्रकमध्ये पुढं ड्रायव्हरशेजारी बसून गेली. ओंडक्यांवर नाही.

रेंजर साहेबांचा हुकूम आला. ठसा मारलेल्या एकशे चाळीस क्लिपा बाद माल म्हणून वेगळ्या ठेवाव्यात. माझं मत वेगळं आहे. क्लिपा चांगल्या आहेत, होज वाईट होता. घरात खराटा सुटला होता, मुसळ चिरलेलं, पावशीची मूठ हातात येत होती. सगळीकडं माझ्या ठसेदार क्लिपा आवळल्या. खराट्याच्या काड्या झाडताना गळतात, पण झाडायची माझी पद्धत जोरदार आहे.

चहा करायला बसलो. फुंकणीला एक नंबरची क्लिप लावली आहे, ठसा सगळ्यात ठळक असलेली. राखेखाली रात्रीचे दोन निखारे होते. फुंकलं. निखाऱ्यापर्यंत काही गेलं नाही, सगळी हवा बाजूनं, ठशाजवळून, तोंडावर आली. पुन्हा फुंकलं. दहा-बारा वेळा फुंकलं. संशोधन करण्याची गरज उरली नाही असं वाटतं.

लटारू डेपोकडं जाता जाता दारात थांबला. विचारलं, बाबूजी, डोयाले पाणी काऊन येऊन राह्यलं? म्हटलं, धूर.

त्यानं वाकून आत पाहिलं. म्हणाला, पर बाबूजी, चूल त पेटलीच नाई.